मरुत : उसन्या श्वासाचं विमान

वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात शाळेची सहल गेली, की पोरं आधी पळतात ती लुकड्याला जाडा आणि जाड्याला बुटका करून दाखवणाऱ्या आरशांकडे. बाहेरच्या बागेत जुन्या रेल्वे इंजिनाच्या आणि ट्रामच्या पंगतीला एक जेट विमान उभं आहे. त्याच्यापाशी थांबायला कुणाला वेळ नसतो. आमच्या सहलीतल्या सरांनी लांबूनच हात करून सांगितलं होतं, ‘ते बघा मिग.’ पुढची कितीतरी वर्षं मी त्याला मिगच समजत होतो.

ते मिग नाही, हे खरं तर तोंडाकडे बघूनच कळायला हवं होतं. मिग-२१ नाकानंच हवा ओढतं. त्याच्या नाकाच्या जागी गोल भोक असतं आणि त्यात मधोमध सुळका. या विमानाचं नाक बंद, निमुळतं आणि टोकदार आहे. हवा आत घ्यायला वैमानिकाच्या बैठकीच्या दोन्ही अंगांना दोन तोंडं आहेत. मागे गेलात तर शेपटीखाली दोन नळकांडी दिसतील, म्हणजे इंजिनंही दोन. पंख चांगलेच मागे ओढलेले. अंग मध्ये किंचित आवळलेलं, कंबरेला शेला बांधल्यासारखं. ही कंबर नुसत्या नखऱ्याची नव्हे. आवाजाच्या वेगाजवळ गेल्यावर हवा पंखाच्या आणि धडाच्या सांध्यापाशी तुंबते, म्हणून जिथे पंख जोडायचा तिथे धड बारीक करायचं, हे गणित १९५० च्या दशकात नुकतंच उलगडलं होतं. ज्यानं ही कंबर आखली त्याला आवाजाच्या वेगाच्या पलीकडे जायचं होतं, हे विमान न उडताही सांगतं.

तिकडे ते कधी धडपणे पोचलं नाही. का, तीच त्याची कुळकथा.

त्याचं कागदावरचं नाव एचएफ-२४, हिंदुस्तान फायटर २४. बोलायचं नाव मरुत. मरुत म्हणजे वारा, एवढं आपल्याला शाळेतल्या समानार्थी शब्दांच्या यादीतून माहीत असतं. पण ऋग्वेदातले मरुत म्हणजे संध्याकाळची मंद झुळूक नव्हे. ते रुद्राचे पुत्र, झुंडीनं फिरणारे, डोंगर हलवणारे वादळी देव. आणि मरुत म्हणजे वायू, त्याचा मुलगा तो मारुती, ज्याला आपण गावोगावी वेशीवर शेंदूर फासून उभा केला. ज्या साली हे विमान लढाईवर गेलं, त्याच १९७१ साली मारुती नावाची मोटार कंपनीही नोंदवली गेली, आणि आज कुणालाही ‘मारुती’ म्हटलं की आधी गाडी आठवते. बापाचं नाव बागेतल्या पाटीवर, लेकाचं रस्त्यावर. आणखी एक शब्दखेळ मला आवडतो. ‘मरुत’ला लागूनच संस्कृतात ‘मरु’ आहे, म्हणजे वाळवंट. मारवाड हे नाव त्यातूनच आलं. या विमानानं त्याची एकमेव लढाई मारवाडातूनच केली. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात हे असणं शक्य नव्हतं, पण नावं कधीकधी ठेवणाऱ्यापेक्षा शहाणी निघतात.

ज्या कारखान्यात ते बनलं, त्याचा उगम सोलापूरच्या माणसाकडे जातो. वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाला बरोबर घेऊन डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरात हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी काढली. युद्ध चालू होतं, लवकरच सरकारनं ती हातात घेतली आणि तिथे नवी विमानं बनण्यापेक्षा लढाईत मोडलेल्या विमानांची दुरुस्ती जास्त झाली. स्वतः आखून विमान बनवण्याची उमेद आली ती विष्णू माधव घाटगे यांच्यामुळे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपू गावचा हा माणूस जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट करून आला होता. प्रांटल म्हणजे आधुनिक वायुगतिशास्त्राचे मूळपुरुष. पंखाला चिकटून वाहणारा हवेचा पातळ थर त्यांनी जगाला समजावून दिला. घाटगे आधी बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवत होते, मग कारखान्यात आले. त्यांच्या हाताखाली आखलेलं एचटी-२ हे दोन बैठकींचं, पंख्याचं प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडालं. पुढे कित्येक वर्षं हवाई दलाच्या नव्या पोरांनी पहिलं आकाश बघितलं ते त्याच्यातून.

एचटी-२ हा साधा, गुणी बैल होता. त्यानंतर हवाई दलानं एकदम अरबी घोडा मागितला. १९५० च्या दशकाच्या मध्याला जी मागणी नोंदवली गेली तिच्यात आवाजाच्या दुप्पट वेग होता, ६०,००० फुटांची उंची होती, आणि तळापासून ५०० मैलांवर जाऊन लढून परत येण्याची ताकद होती. आशियात त्या वेळी सोव्हिएत संघ सोडता असं विमान कुणीही आखलेलं नव्हतं. दहा वर्षांपूर्वी स्वतंत्र झालेल्या देशानं हे मागावं, ह्याला धाडस म्हणायचं की भाबडेपणा, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मला ते नेहरूंच्या काळाचं लक्षण वाटतं. भाक्रा, भिलाई आणि आवाजाच्या दुप्पट वेगाचं विमान, सगळं एकाच श्वासात.

घोडा आखायला माणूस आला तो कुर्ट टांक. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या फोके-वुल्फ कंपनीचा हा मुख्य अभियंता. त्याचं एफडब्ल्यू-१९० हे लढाऊ विमान वीस हजारांच्या घरात बनलं आणि ब्रिटिश वैमानिकांची झोप उडवून गेलं. त्याच्याच कॉन्डोर या प्रवासी विमानानं १९३८ मध्ये बर्लिनहून न्यूयॉर्कला कुठे न उतरता मजल मारली होती. टांक नुसता टेबलावरचा अभियंता नव्हता, आपली विमानं तो स्वतः उडवून बघायचा. युद्ध हरल्यावर जर्मनीत विमान बनवण्यावर बंदी आली, तेव्हा तो आपल्या माणसांसह अर्जेंटिनात गेला. तिथे राष्ट्राध्यक्ष पेरॉनच्या आश्रयानं कोर्दोबा शहरात त्यानं पुल्की-२ नावाचं जेट उभं केलं, आणि तेही काही वेळा स्वतः उडवलं. सप्टेंबर १९५५ मध्ये पेरॉनची सत्ता उलथली, आणि जर्मन मंडळींची पोटापाण्याची सोय गेली. काही अमेरिकेला गेले. टांक ऑगस्ट १९५६ मध्ये बंगळुरात आला, आणि पाठोपाठ त्याचे जवळजवळ दीड डझन सहकारी.

आल्यावर त्याला दिसलं ते असं. आराखडा विभागात सगळी मिळून पन्नासएक माणसं, त्यांत अनुभवी वरिष्ठ अभियंते तीन. पहिला नमुना बांधायला मोकळं हँगर नाही, यंत्रसामग्री अपुरी, उड्डाणचाचणीची प्रयोगशाळा नाही, अशा विमानाला लागेल तेवढी धावपट्टी नाही. एका अर्थानं टांकला हे ओळखीचंच होतं. अर्जेंटिनातही त्यानं मोकळ्या माळावरच संसार मांडला होता. फरक इतकाच, की इथे भिंती उभ्या करण्याआधी त्याला माणसं तयार करावी लागली. पुढे जी भारतीय अभियंत्यांची फळी विमानं आखू लागली, तिच्यातल्या बऱ्याच जणांचे हात या प्रकल्पात तयार झाले. घाटग्यांनी दुसऱ्या खोलीत आपला वेगळा डाव मांडला होता, त्यातून किरण हे जेट प्रशिक्षण विमान निघालं आणि १९६४ मध्ये उडालं. ‘सूर्यकिरण’ पथकाच्या कसरती ज्यांनी पाहिल्या असतील त्यांनी पहिल्या पिढीत जी विमानं पाहिली, ती किरणच. म्हणजे ग्योटिंगेनचा शिष्य आणि फोके-वुल्फचा उस्ताद एकाच आवारात, वेगवेगळ्या टेबलांवर.

मरुतच्या जन्मातला सगळ्यात गोड प्रसंग लाकडाचा आहे. इंजिनं बसवण्याआधी आकार कसा उडतो हे पाहायचं होतं. पण वेगवान हवेचे मोठे बोगदे नव्हते, संगणक नव्हते. मग टांकच्या लोकांनी खऱ्या मापाचं, पण लाकडी, इंजिन नसलेलं मरुत बांधलं. आत-बाहेर होणारी चाकं, तेच पंख, तीच शेपटी. १९५९ च्या वसंतात त्याला डकोटा विमानामागे दोरानं बांधून वर नेलं आणि दोर सोडून दिला. आत बसला होता सुरंजन दास, हवाई दलाचा चाचणी वैमानिक. इंजिन नाही म्हणजे चुकलं तर पुन्हा घिरटी मारून यायची सोय नाही. पहिल्या खेपेला जमिनीला नीट टेकलंच पाहिजे. अशी ७८ उड्डाणं झाली. एखाद्या मोठ्या पतंगासारखं लाकडी जेट बंगळुरावरून हळूहळू खाली उतरत असेल, तेव्हा शेतातल्या लोकांना काय वाटलं असेल, याची मला नेहमी उत्सुकता वाटते.

१७ जून १९६१ ला खरं विमान उडालं. वैमानिक पुन्हा दास. आठवड्याभरात संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यासमोर त्याचं जाहीर प्रदर्शन झालं. सोव्हिएत संघ वगळता आशियात अशा जातीचं जेट स्वतः आखून उडवणारा भारत पहिला, असं वर्तमानपत्रांनी सांगितलं, आणि ते खरं होतं.

आणि नेमकं त्याच वेळेस त्याचा श्वास हिरावला गेला होता.

टांकनं विमान आखलं होतं ते ब्रिटनच्या ब्रिस्टल कंपनीच्या ऑर्फियस बी.ओ.आर. १२ या इंजिनाभोवती. त्याला आफ्टरबर्नर होता. आफ्टरबर्नर म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या वाफाऱ्यात पुन्हा इंधन फवारून पेटवायचं. इंधन भसाभसा जळतं, पण रेटा एकदम वाढतो, आवाजाच्या भिंतीला धडक द्यायला तोच लागतो. त्या इंजिनाची ब्रिटिशांची स्वतःची गरज संपली. कंपनी म्हणाली, विकास पुरा करायचा असेल तर पैसे भारतानं द्यावेत. भारतानं दिले नाहीत. ज्या पैशांना तेव्हा नाही म्हटलं गेलं, त्यांच्या किमतीवरून नंतरच्या पन्नास वर्षांत जितकी शाई खर्च झाली तितकी क्वचितच कशावर झाली असेल. कारखान्यात नॅट या छोट्या विमानासाठी ऑर्फियसची साधी आवृत्ती परवान्यावर बनतच होती. आफ्टरबर्नर नसलेलं, प्रत्येकी जेमतेम २,२०० किलो रेट्याचं ते इंजिन, ऑर्फियस ७०३. तीच दोन मरुतमध्ये बसवली. तात्पुरती, असं म्हटलं गेलं. ज्यांनी घरात कधी काही तात्पुरतं बसवलंय त्यांना या शब्दाचं आयुष्य किती असतं ते ठाऊक आहे.

मग एकामागून एक दारं ठोठावली. सोव्हिएत आरडी-९ एफ हे इंजिन आणून पाहिलं, जमलं नाही. तोवर १९६२ मध्ये मिग-२१ विकत घेण्याचा करार झाला, आणि पुढे ती विमानं नाशिकजवळ ओझरला बनायला लागली. ओझरच्या भाग्याबद्दल आपण खुश व्हावं हे ठीकच. पण ज्या दिवशी तयार, कसलेलं, आवाजाच्या दुप्पट वेगाचं विमान दारात आलं, त्या दिवसापासून मरुतसाठी जीव टाकायला सरकारकडे कारण उरलं नाही.

सगळ्यात विचित्र दार होतं इजिप्तचं. कैरोजवळ हेलवान इथे अध्यक्ष नासर यांनी आपलं लढाऊ विमान बनवायला घेतलं होतं. त्याचा आराखडा विली मेसरश्मिटचा, म्हणजे टांकच्या युद्धकाळातल्या सगळ्यात मोठ्या प्रतिस्पर्ध्याचा. इंजिन आखत होता फर्डिनांड ब्रांडनर हा ऑस्ट्रियन, जो युद्धानंतर काही वर्षं सोव्हिएत संघात इंजिनं आखून आला होता. ई-३०० हे त्याचं इंजिन मरुतला चालेल, असं वाटलं. विमानाचं शरीर भारताचं, इंजिन इजिप्तचं, आखणारे दोन्हीकडे हिटलरच्या काळातले अभियंते, आणि वर अलिप्ततावादाचं छत्र. एक मरुत हेलवानला नेण्यात आलं. त्यातलं एक ऑर्फियस काढून तिथे ई-३०० बसवलं आणि मार्च १९६७ मध्ये ते उडालं. एका बाजूला जुनं इंजिन, दुसऱ्या बाजूला नवं, दोन वेगवेगळ्या ताकदीचे बैल एकाच जुवाला. वैमानिकाला पाय सतत रडरवर ठेवून नाक सरळ धरावं लागत असणार. तीन महिन्यांत सहा दिवसांचं युद्ध झालं. त्यात इजिप्तचं हवाई दल जमिनीवरच जळालं, आणि दोन वर्षांत तो सगळा प्रकल्पच गुंडाळला गेला. भारताची तुकडी परत आली.

घरी गॅस टर्बाइन रिसर्च एस्टॅब्लिशमेंट या बंगळुरूच्या संस्थेनं स्वतःच ऑर्फियसला आफ्टरबर्नर जोडून पाहिला. रेटा वाढला. पण त्यासाठी विमानाची शेपटी जाड करावी लागली, आणि जाड शेपटीला हवेचा अडथळा इतका वाढला, की एका हातानं मिळालं ते दुसऱ्या हातानं गेलं. १० जानेवारी १९७० ला त्या नमुन्याचं उड्डाण करताना अपघात झाला आणि सुरंजन दास गेले. लाकडी पतंगातून पुन्हा पुन्हा उतरलेला माणूस. बंगळुरूच्या जुन्या विमानतळाजवळून जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं नाव आहे. आज तिथून रोज हजारो लोक रिक्षावाल्याला ‘सुरंजनदास रोड’ म्हणून पत्ता सांगतात. नावामागचा माणूस फारसा कुणाला आठवत नाही, रस्त्यांच्या नावांचं नशीबच ते.

टांक या अपघाताच्या आधीच, १९६७ च्या सुमारास, जर्मनीला परतला होता. त्याच वर्षी दहावी स्क्वाड्रन मरुतवर सज्ज झाली, पुढे २२० वी, आणि १९७४ मध्ये ३१ वी. एकूण १४७ मरुत बनली, त्यांपैकी १८ दोन बैठकींची, शिकवण्यासाठी.

कुळकथा इथवर कागदावर सांगता येते. कागद म्हणतो, मागणी आवाजाच्या दुप्पट वेगाची होती आणि विमान सरळ उडताना आवाजाच्या भिंतीपाशीच अडकलं, सबब अपयश. पण हे विमान ज्यांनी चालवलं, ज्यांनी रात्री टॉर्चच्या उजेडात त्याच्या पोटात हात घातले, त्यांच्या आठवणी वाचल्या की सूर निराळाच लागतो. ते वेगाबद्दल फारसं बोलत नाहीत. जमिनीलगत, शंभर-दोनशे फुटांवरून सुसाट जाताना ते कसं डगमगत नसे, याबद्दल बोलतात. वैमानिकाला खाली आणि पुढे स्वच्छ दिसायचं. पोटातून एक ट्रे बाहेर यायचा, त्यात ५० अग्निबाण. नाकात चार ३० मिलिमीटरच्या एडन तोफा. त्या चारही एकदम चालवल्या की नाकाला हादरा बसे, हा त्याचा जुना आजार. विकासाच्या काळात त्यानं सगळ्यांना घाम फोडला होता, आणि शेवटपर्यंत त्याचं नाव निघालं की जुने आर्मरर मान हलवतात.

डिसेंबर १९७१ मध्ये पाकिस्तानविरुद्धच्या युद्धात दहावी आणि २२० वी स्क्वाड्रन जोधपूर आणि बाडमेरजवळच्या उत्तरलाई तळांवरून लढली. दोन आठवड्यांत तीनशेच्या वर मोहिमा. सिंधमधल्या नया छोरकडे जाणारे रस्ते, रेल्वे, रसद. लोंगेवालाला ५ डिसेंबरला जैसलमेरहून उठलेल्या हंटर विमानांनी पाकिस्तानी रणगाड्यांची दाणादाण उडवली. पुढच्या दिवसांत मागे हटणाऱ्या फौजेवर मरुतही जाऊन आली. पण वाहवा हंटरची झाली, आणि ‘बॉर्डर’ सिनेमात हंटरच दिसलं. मरुतवाल्यांना हे थोडं बोचतं, असं त्यांच्या लिहिण्यातून जाणवतं. बोचणारच. ७ डिसेंबरला २२० व्या स्क्वाड्रनच्या स्क्वाड्रन लीडर के. के. बक्षी यांनी पाकिस्तानचं एक सेबर लढाऊ विमान पाडलं, अशी भारतीय नोंद आहे. त्या युद्धात हवेतल्या झुंजीत एकही मरुत गेलं नाही. मरुतच्या वैमानिकांना तीन वीरचक्रं मिळाली.

पण जुने लोक पुन्हा पुन्हा सांगतात ते सेबरबद्दल नव्हे. घरी परतण्याबद्दल. निदान तीनदा असं झालं, की जमिनीवरून झालेल्या माऱ्यात एक इंजिन बंद पडलं आणि विमान दुसऱ्यावर तळावर आलं. त्यांतलं एक शत्रूच्या हद्दीत जवळजवळ २४० किलोमीटर आतून, सोबतीला दुसरं विमान नसताना. एकदा रसदीच्या ताफ्यावर गोळ्या झाडताना स्फोटातून उडालेल्या भंगारातूनच विमान गेलं. मागच्या बाजूला जोरात काहीतरी आदळलं, इंजिनाचे धोक्याचे दिवे पेटले, एक इंजिन गेलं, आणि तरी ते सुखरूप उतरलं. आणखी एक गोष्ट. पंखांवरच्या आणि शेपटीवरच्या हलत्या पट्ट्या तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेनं हलतात. ती फुटली तर अनेक जेट विमानं आवरता येत नाहीत. मरुतमध्ये यंत्रणा फुटली की सगळं आपोआप हाताच्या ताकदीवर यायचं. घाम गाळून दांडा ओढायचा, पण विमान ऐकायचं. अशी हातांनी ओढत आणलेली मरुत अनेकदा परतली.

आता या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवा. आवाजाच्या दुप्पट वेगासाठी टांकनं दोन इंजिनांचं, भक्कम, जाड हाडाचं विमान आखलं. वेग मिळाला नाही. पण हाडं राहिली. उसन्या फुप्फुसांनी पळता येत नव्हतं, पण एक फुप्फुस गेलं तरी चालत घरी येता येत होतं. वेगवान विमान म्हणून जे वजन ओझं झालं, तेच जमिनीलगत गोळ्या झेलताना ढाल झालं. मरुतच्या माणसांची जी माया या विमानावर दिसते, तिचं मूळ मला इथे सापडतं. आकाशात सगळ्यात वर जाणाऱ्या विमानाचं कौतुक होतं. परत आणणाऱ्या विमानाचं ऋण मानलं जातं, ते आयुष्यभर फेडत बसावं लागतं.

पुढची वर्षं उताराची. सुटे भाग मिळेनासे झाले, एकाचं काढून दुसऱ्याला लावायचं, हे प्रत्येक जुन्या ताफ्याचं गणित इथेही सुरू झालं. दहाव्या आणि २२० व्या स्क्वाड्रनकडे नवी विमानं आली. ३१ वी शेवटपर्यंत मरुत चालवत राहिली, आणि १९९० मध्ये तीही थांबली. काही विमानांचं आयुष्य अजून बरंच शिल्लक होतं, अशी तक्रार तेव्हाही होती, आजही आहे. मला त्यात अर्ध तथ्य वाटतं. विमान एकटं म्हातारं होत नाही, त्याच्याबरोबर त्याचं दुकान म्हातारं होतं, आणि दुकान बंद झालं की चांगल्या विमानालाही कुणी वाली उरत नाही.

मग विमानं बागांत आली. वरळी, पुण्यात कमला नेहरू पार्क, दिल्लीत पालमचं हवाई दलाचं संग्रहालय, बंगळुरात कारखान्याचंच हेरिटेज सेंटर. हवाई दलाच्या कित्येक तळांच्या दारांत एखादं निवृत्त विमान खांबावर उभं असतंच, तसं कुठे कुठे मरुतही. पुण्यात वाढलेल्या कित्येकांना एरंडवण्यातली ती बाग ‘विमानवाली’ म्हणूनच माहीत. घसरगुंडीवरून उतरून थेट पंखाखाली जायचं, खालून ठोकून बघायचं, पोकळ वाजतं की भरीव.

या उभ्या विमानांभोवती एक वेगळीच जमात गोळा झाली आहे. या लोकांनी हवाई दलात एक दिवस नोकरी केलेली नसते, पण शेपटीवरचे ‘बीडी’ किंवा ‘डी’नं सुरू होणारे क्रमांक त्यांना तोंडपाठ असतात. कुठलं मरुत कुठे उभं आहे, मूळ कुठल्या स्क्वाड्रनचं, शेवटचं कधी उडालं, याच्या वह्या ते ठेवतात. त्यांचं खरं वैर वेळेशी नाही, रंगाऱ्याशी आहे. दर चार-पाच वर्षांनी कुणीतरी विमानाला रंग काढायला लावतं, रंगारी मन लावून काम करतो, आणि सूचना, इशारे, इंधन कुठे भरायचं, कुठे पाय ठेवायचा नाही, अशी बारीक अक्षरं रंगाखाली जातात. क्रमांक पुन्हा लिहिताना एखादा आकडा इकडचा तिकडे होतो, आणि एका विमानाच्या अंगावर दुसऱ्याचं नाव येतं. मग वहीवाले फोटो काढून, कडी-कडीनं जुळवून, चाकांच्या खाचेतल्या पत्र्यावर ठोकलेला मूळ नंबर शोधून काढतात. कुळकथा लिहिणाऱ्याला यापेक्षा जवळचे भाऊबंद मिळायचे नाहीत.

मी पुन्हा वरळीला गेलो तेव्हा मुद्दाम मागे जाऊन ती दोन नळकांडी बघितली. आफ्टरबर्नरसाठी आखलेल्या विमानात साधं इंजिन बसवलं होतं, हे ठाऊक असल्यानं ती जरा बारीक वाटतात. खरंच बारीक आहेत की माझं मन बघतंय, सांगता येत नाही. शेजारी एक आजोबा नातवाला काहीतरी समजावत होते. कान दिला तर ते म्हणाले, ‘हे मिग.’ मी काही बोललो नाही.

बंगळुरातच पुढे बनलेल्या, इंजिनाची गोष्ट अजून न संपलेल्या तेजस या लढाऊ विमानाबद्दल इथे दोन वाक्यं. ते जानेवारी २००१ मध्ये उडालं तेव्हा त्याच्या पोटात अमेरिकन इंजिन होतं. मरुतला आफ्टरबर्नर जोडून पाहणाऱ्या त्याच संस्थेचं कावेरी हे इंजिन त्याच्या वाट्याला आलं नाही.

मरुतचं एक भावंड मात्र लांब गेलं. म्युनिकच्या उत्तरेला ओबरश्लाइसहाइम गावी राजेशाही काळातला, १९१२ चा विमानतळ आहे, आणि तिथे जर्मन संग्रहालयाची विमानशाखा. टांक १९८३ मध्ये म्युनिकलाच वारला. त्या संग्रहालयात बंगळुरात बनलेलं एक मरुत उभं आहे. आणि त्याच संग्रहालयात हेलवानचं ते इजिप्शियन विमान, मेसरश्मिटचं एचए-३००, दुरुस्त करून ठेवलेलं आहे. युद्धकाळातल्या दोन प्रतिस्पर्धी जर्मन अभियंत्यांनी आखलेली, दोन गरीब देशांत उडालेली दोन विमानं, शेवटी एकाच गावात. एचए-३०० मार्च १९६४ मध्ये पहिल्यांदा उडालं तेव्हा ते ब्रांडनरच्या इंजिनावर उडालं नव्हतं, ते तयारच नव्हतं. उडालं ते ब्रिटनच्या ऑर्फियस ७०३ वर, मरुतच्याच इंजिनावर. आणि आत बसला होता कपिल भार्गव, भारतीय हवाई दलाचा, बंगळुरूहून गेलेला वैमानिक.